आप्पांची फियाट, वहिनींची शेड आणि तुमचा पाना

पत्र: आमच्याकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, नवी घेतलेली. २०१२ पासून घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. २०१९ च्या महापुरात पाणी दारांच्या खालच्या कडेच्या वर आलं होतं, तीन-चार दिवस होतं. आप्पा तीन वर्षांपूर्वी गेले. आता ती गाडी मला घरीच, स्वतःच्या हाताने उभी करायची आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, पाना धरायची भीती नाही, रविवार मोकळा असतो. मनात असं आहे की मारुतीचं इंजिन बसवावं, पुढे डिस्क ब्रेक, रुंद टायर, अलॉय, एसी आणि वरून मॅट काळा रंग. बायको म्हणते भंगारवाल्याला द्या, मला शेडमध्ये मसाल्याची चक्की टाकायची आहे. आई म्हणते हात लावू नकोस. सुरुवात कुठून करू? आणि रंगाबद्दल तुमचं मत काय? (एक वाचक, सांगली)

नमस्कार.

तुमच्या पत्रात इंजिन, ब्रेक, टायर, एसी, रंग सगळं आलं. कागद तेवढे आले नाहीत. आरसी अजून आप्पांच्याच नावावर असणार, हो ना?

मी जरा बोटं मोजली. ८७ ची गाडी, पंधरा वर्षं भरली २००२ ला. तिथून पुढे पाच-पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे २००७ आणि मग २०१२. तुमची गाडी ताडपत्रीखाली गेली तीही २०१२ लाच. माझा अंदाज असा की गाडी बिघडली म्हणून उभी राहिली नाही, आप्पा आरटीओच्या खेपांना कंटाळले. अशा कितीतरी फियाटी मी पाहिल्यात: चालत शेडमध्ये आल्या आणि कागद संपले म्हणून तिथेच राहिल्या. अंदाज खरा असेल तर तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. इंजिन जाम झालं म्हणून उभी केलेली गाडी वेगळी आणि धडधाकट उभी केलेली वेगळी.

तेव्हा पहिल्या रविवारी पाना नको, फाइल काढा. आरसी, जुना विमा, कर भरल्याची पावती, आप्पांचा मृत्यूचा दाखला. मालक वारला की गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. खरं तर तीन महिन्यांत करायचं असतं, ते राहून गेलं, दंड भरा. बाकीच्या वारसांची संमती लागते आणि त्यात पहिली सही आईंची. म्हणजे ‘हात लावू नकोस’ या विषयावर त्यांच्यासमोर बसणं काही टळत नाही. मुद्दाम सांगतोय. पुष्कळ लोक आधी गाडी खोलतात आणि मग घरच्यांना समजावत बसतात. नाव झालं की फॉर्म २५, नूतनीकरण, पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबरप्लेट. गाडी आरटीओला दाखवावी लागते आणि आरसी संपलेली, विमा नसलेली गाडी रस्त्यावर चालवत नेता येत नाही. तो दिवस आला की टोइंगवर न्या. शेजारच्या गल्लीत एक चक्कर मारून बघू, हेही नको.

आता गाडीकडे.

ताडपत्री आजच काढा. शेडला छप्पर आहे ना? मग ताडपत्रीचा उपयोग एवढाच की खालची ओल वर येते आणि पत्र्याला चिकटून बसते. जुनी सुती चादर टाका, धुळीला तेवढी पुरे.

पुराचं पाणी दारांच्या खालच्या कडेच्या वर, म्हणजे इंजिनाचा चेंबर (तळाचं तेलाचं भांडं), गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, चारही ड्रम आणि सेल्फचा काही भाग, सगळं पाण्यात होतं. म्हणून माझं तुमच्याकडे कळकळीचं मागणं आहे: नवी बॅटरी आणून सेल्फ मारून बघू नका. मोह होतो, मला ठाऊक आहे. पण चेंबरमध्ये पाणी असेल तर तेच ऑइल पंप उचलणार आणि बेअरिंगना पाजणार. आधी चेंबरचा ड्रेन नट सोडा, एकदम काढू नका, आटे-आटे करत हळू. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. त्यामुळे थेंब-थेंब सुरू झालं की पहिल्या चार थेंबांतच कळतं. पाणी असेल तर आधी तेच येतं, गढूळ, मग मागून काळं तेल. दोन्ही एकात एक मिसळली असतील तर ताकासारखं पांढरट येतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियललाही हाच न्याय. पाणी निघालं तर चेंबर उतरवा, तळातला चिखल हाताने काढा, एक-दोन बेअरिंगच्या कॅप खोलून बघा. शाफ्टवर गंजाचे ठिपके नसतील तर तुमचं नशीब जोरावर आहे.

दुसरं, गाळ. कृष्णेचा गाळ तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही घरातून उपसलाय. तोच गाळ या गाडीच्या उंबऱ्यात, म्हणजे दाराखाली जी पोकळ पेटी असते तिच्यात, आजही असणार. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. तो उंबरा म्हणजे तिचा कणा. आतला गाळ पावसाळ्यात हवेतलं पाणी धरतो आणि पत्रा आतून खातो, बाहेरून रंग छान दिसत असतो. कार्पेट आणि खालचे डांबरी थर उचला, फ्लोअरला रबरी बुचं आहेत ती काढा, पाण्याचा पाइप लावा आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. पहिल्यांदा चहाच्या रंगाचं येईल. मग दोन दिवस उन्हात, दारं उघडी. एप्रिल-मे गाठता आला तर उत्तम.

गंज तपासायला दोन वस्तू पुरतात: फ्रिजवरचा एक चुंबक आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा आणि दारांच्या खालच्या भागावरून, चाकांच्या कमानींवरून, पुढच्या काचेच्या रबराखालून फिरवत न्या. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. कधीतरी कोणीतरी भरून वर रंग मारलाय. स्क्रू ड्रायव्हर खालच्या बाजूने दाबायचा, उंबरे, फ्लोअरच्या कडा, डिकीत स्टेपनीची जागा, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला लागतात ती जागा. टणक लागलं तर ठीक. बिस्किटासारखं करकरलं तर खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा. या खडूच्या खुणा मोजूनच मग ठरेल की ही गाडी घरात होणारी आहे की नाही. दोन-चार हातभर ठिगळं असतील तर होईल. दोन्ही उंबरे आणि पाट्यांच्या जागा गेल्या असतील तर ते काम घरच्या शेडचं नाही, आणि खर्चाचा आकडा वहिनींना आधी सांगा.

एक राहिलं. गाडी उचलताना जॅक त्या उंबऱ्याला लावू नका, आत शिरेल. पुढे क्रॉस मेंबरखाली (इंजिनाखालची आडवी तुळई), मागे एक्सलखाली. आणि जॅकवर गाडी असताना खाली कधीही शिरायचं नाही. चांगले लोखंडी स्टँड विकत घ्या, चार. विटा नाहीत, सिमेंटचे ब्लॉक नाहीत, ते न सांगता फुटतात. शेडची जमीन मातीची असेल तर स्टँडखाली जाड फळी.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबतंय ते सांगतो. गाडी सगळी खोलू नका.

माझी चूक सांगतो. १९९८ च्या दिवाळीच्या सुटीत मी माझी फियाट खोलली. आठ दिवसांत फक्त सांगाडा उरला. फार मर्दुमकी वाटली होती. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डब्यात कागदाची चिठ्ठी: ‘उजवं पुढचं दार’, ‘बोनेट’, ‘डॅशबोर्ड’. मग सुटी संपली, नोकरी सुरू झाली, मुलगी झाली. पुढच्या पावसाळ्यात उंदरांनी चिठ्ठ्या खाल्ल्या. डबे तेवढे राहिले. गाडी पुन्हा चाकांवर यायला सहा वर्षं लागली आणि दाराचे दोन स्क्रू आजही माझे नाहीत, कपाटाचे आहेत.

तेव्हापासून माझा नियम एकच, आणि तो तुमच्या शेडला तर फारच लागू आहे. रविवारी संध्याकाळी हात धुताना गाडी चार चाकांवर असली पाहिजे आणि दोन माणसांना ढकलता आली पाहिजे. एक काम काढायचं, ते संपवायचं, मग दुसरं. पुढचा उजवा ब्रेक म्हणजे पुढचा उजवा ब्रेकच. डावा जुळलेला आहे तोवर तो पाहून उजवा जुळवता येतो, हाही फायदा. उंबरा कापायचा झाला तरी एका वेळी एकच बाजू, खाली आधार देऊन आणि दारं जागेवर ठेवून. दार लावलं की फट सरळ येते का ते बघत-बघत वेल्डिंग. दारं काढून कापलंत तर बॉडी केसभर बसते आणि मग ते दार जन्मात लागत नाही.

पुरातून गाडी वाचली असं धरून चालू. पहिलं काम ब्रेक. इंजिन चालू करण्याआधी ब्रेक, कारण चालू झालेली गाडी माणूस हलवतोच.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. इतकी वर्षं उभ्या गाडीत ड्रम शूजना धरून बसलेले असतात. हँडब्रेक सोडा, अ‍ॅडजस्टर मागे घ्या, ड्रमच्या कडेने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके देत फिरा. निघतो, वेळ घेतो. आतली काळी भुकटी फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर उघडले की आत बहुधा तपकिरी चिखल दिसेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याचा हा परिणाम. सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. गुळगुळीत असेल तर नवं रबर किट टाका. नखाला खड्डा लागला तर किट वाया जाईल, सिलिंडरच नवा. मास्टर सिलिंडरचं तेच. रबरी होज न बघता बदला. स्टीलचे पाइप गंजले असतील तर स्टीलचेच बनवून घ्या, एसीवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप नको. तो थरथरीने थकतो आणि न सांगता तुटतो.

मग इंजिन. १०८९ सीसी, चार सिलिंडर, चाळीसेक हॉर्सपॉवर. त्याची कुंडली जुनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट निघाली, ७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले, बोनेटखाली मामला जवळपास तोच. (म्हणूनच लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणाले. त्याआधीची गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ कोणाला आठवते का, बघा घरात विचारून.) प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल एकत्र करून ओता, दोन दिवस मुरू द्या. सेल्फ तरीही नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागचं एक चाक उचलून एक्सलखाली स्टँड द्या, हँडब्रेक सोडा, चौथा गिअर टाका आणि ते चाक हाताने फिरवा. प्लग नसल्याने इंजिन त्याच्यासोबत फिरतं. अडलं तर जोर करू नका, पुन्हा डिझेल आणि पुन्हा दोन दिवस. फिरलं तर नवं ऑइल आणि फिल्टर, आणि मग पहिल्यांदा सेल्फ, तोही प्लग न लावता, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर प्लग.

पेट्रोलच्या टाकीवर विसंबू नका. तिच्यात २०१२ चं जे काही आहे त्याला आता वार्निशचा वास येत असेल. टाकी उतरवून धुवायला द्या. रिकाम्या टाकीवरही घरी वेल्डिंग करायचं नाही, वाफ राहते आणि ती स्फोट करते. सुरुवातीला मेकॅनिक करतात तसं बाटली टांगून कार्ब्युरेटरला पेट्रोल द्या, पण गाडी शेडच्या बाहेर ढकलून, अग्निशामक हाताशी ठेवून. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा आहे म्हणता, म्हणजे ठिणगीचं तुम्हाला सांगायला नको.

हल्लीच्या पेट्रोलचं मात्र सांगायला हवं. आप्पांनी गाडी उभी केली तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं एक नाही, आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी होज, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली गॅस्केटं त्याने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल पाणीही धरतं, त्यामुळे आतून टाकी गंजते. इथेनॉल चालणारा होज सांगून मागा, पंपाचं आणि सोलेक्स कार्ब्युरेटरचं किट नवं टाका. इंजिन गरम झाल्यावर अडखळत असेल, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर मागे ओढत असेल तर मिश्रण विरळ पडतंय. मेन जेट एक नंबर मोठा लावून बघा. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी भरलेली आणि कार्ब्युरेटर रिकामा ठेवा. आणि मे महिन्यात घाटाखाली गाडी गप्प झाली तर घाबरू नका, पंपात पेट्रोलची वाफ झालीय. आप्पांच्या गाडीत एक फडकं आणि पाण्याची बाटली नक्की असायची, आईंना विचारा. ते फडकं ओलं करून पंपावर ठेवायचं, दहा मिनिटं चहा. सगळे फियाटवाले हेच करायचे.

बोअर-पिस्टनचं काम निघालं तर तुमच्यासारखा भाग्यवान कोणी नाही. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तासा-दीड तासावर आहे, आणि किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात लेथवाला सापडला नाही असं कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. सुटे भाग अजून मिळतात, त्याचं पुण्य मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचं. हजारो गाड्या रोज चालायच्या म्हणून कुर्ल्यात, ग्रँट रोडला, पुण्याच्या नाना पेठेत माल पडून असायचा. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली, तेव्हा आता हा माल वाढणार नाही, कमीच होणार. किंग पिनचं (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीचं) किट, क्लच प्लेट, दिव्यांच्या काचा, दारांची रबरं, दिसली की घेऊन ठेवा. पुण्यात आलात तर बुधवारी किंवा रविवारी या, जुना बाजार त्या दिवशी भरतो. काचेच्या चौकटीची एक पट्टी मला तिथे एका पितळी समईखाली मिळाली होती.

वायरिंग तुम्ही स्वतःच करा, तिथे तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला. नुसतं एवढंच: जुन्या वायरवर टेप गुंडाळून भागवू नका, पुरात होती ती. फ्यूजबॉक्स नवा, हेडलाइटला रिले. फियाटचे दिवे मिणमिणते म्हणतात त्यातला अर्धा दोष दिव्यांचा नाही, स्विचमधून जाता-जाता व्होल्टेज पडतं त्याचा आहे.

आता तुमची यादी. मी सरळ बोलतो, राग मानू नका.

मारुतीचं इंजिन नको. मारुती ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. फियाटचं उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतं. म्हणून हे करणारे ओम्नी नाहीतर जिप्सीचं घालतात, गिअरबॉक्ससकट. मग माउंटिंग कापा, प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करा, आणि स्टिअरिंगखालची गिअरची दांडी, जी या गाडीची अर्धी मजा आहे, ती जाते. वर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट करून ठेवलंय. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. पासिंगला गाडी अडेल, आणि उद्या काही झालं तर विमावाले आधी तो नंबर बघतील. तुमचं मूळ इंजिन अगदीच गेलं असेल तर दुसरं फियाटचंच शोधा आणि आरटीओची परवानगी आधी घ्या.

डिस्क ब्रेकची कल्पना वाईट नाही, पण अर्धवट करायची गोष्ट नाही. डिस्कला दाब जास्त लागतो, म्हणजे बूस्टर आला, मास्टर सिलिंडर त्या मापाचा आला, पुढे-मागे तोल आला. नुसते पुढे डिस्क लावून मागचं तसंच ठेवलं तर पावसात गाडी फिरेल. नीट जुळवलेले ड्रम साठ-सत्तरच्या वेगाला पुरतात, आणि या गाडीने त्याहून जोरात जायचं काही कारण नाही. वर्षभर ड्रमवर चालवा, मग पुन्हा लिहा.

रुंद टायर नको. हातातलं स्टिअरिंग जड होईल आणि किंग पिन लवकर जातील. मूळ मापाच्या जवळचे नवे रेडियल टाका. जुने टायर कितीही नक्षीदार दिसले तरी टाकून द्या.

एसीबद्दल मी गप्प बसतो. चाळीस घोड्यांतले चार-पाच एसीला द्यायचे आणि मग खंबाटकी चढायचा, हा तुमचा प्रश्न. रेडिएटर आधी खोलून, सळई मारून साफ करून घ्या, मग बघू.

यादीत नव्हती अशी एक गोष्ट मी घालतो: सीटबेल्ट. ८७ च्या गाडीला ते नसतात, नियमच नंतरचा, ९४ चा. पुढे दोन बसवा, पण पत्र्याला भोक पाडून नुसता बोल्ट नको. आतून जाड पट्टी द्या, नाहीतर धक्क्याला बोल्ट पत्रा घेऊन बाहेर येतो. रिले, सीटबेल्ट, डायनॅमो असला तर त्याच्या जागी अल्टरनेटर, इलेक्ट्रिक फॅन, असे बदल मनसोक्त करा. हे परत काढता येतात. काढलेला मूळ भाग पुसून, तेल लावून, नाव लिहून माळ्यावर ठेवा. चिठ्ठी कागदाची नको, पत्र्याची.

मोह म्हणून आणखी एक ऐकायला येईल: ‘व्हिंटेज करून घ्या.’ २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात लागते. तुमची २०३७ ला होईल. आणि तशी नोंद झाल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, तेव्हा आईंना बाजारात नेता येणार नाही.

वहिनींचं म्हणणं मला पटतं. चक्की म्हणजे उत्पन्न, गाडी म्हणजे खर्च, आणि शेड एकच. भांडू नका, मापं घ्या. चक्कीला कोपरा किती लागतो, थ्री-फेज कुठून येणार, आणि मुख्य म्हणजे मिरचीची भुकटी आणि पेट्रोलची वाफ एका छपराखाली नको, मध्ये भिंत लागेल. ती भिंत आधी बांधा, गाडीच्या पैशातून. चाकांवर ढकलता येणारी गाडी असण्याचा आणखी एक फायदा इथे कळेल: चक्कीची मशीन आत घ्यायची वेळ आली की गाडी बाहेर काढता येते. माझी सहा वर्षं निघाली नव्हती, आणि त्या सहा वर्षांत आमच्या घरी काय-काय बोलणं झालं ते इथे छापण्याजोगं नाही. एक वही करा, लागलेला प्रत्येक रुपया तिच्यात, आणि ती वहिनींच्या हाताला लागेल अशीच ठेवा.

पैशाचा अंदाज विचारला नाहीत, शहाणे आहात. कागद, ब्रेक, टायर, होज आणि वायरिंग एवढ्याचे पैसे बाजूला काढता येत असतील तर सुरू करा. बाकीचं थांबू शकतं.

राहिला रंग. घरी रंग मारू नका. हल्लीच्या हार्डनर घातलेल्या पीयू रंगाचा फवारा साध्या मास्कने अडत नाही, फुप्फुसं कायमची बिघडतात, आणि तुमच्या शेडला लागून स्वयंपाकघर असणार. तोवर उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर मारून ठेवा, गाडी ठिगळांची दिसली तर दिसू द्या. रंगाचं काम सगळ्यात शेवटी, आणि रंगारी निवडायचा तो त्याने आधी केलेली गाडी चुंबक लावून बघून. माझ्या पहिल्या रंगाऱ्याने बोटभर लांबी भरली होती, दोन पावसाळ्यांत ती पापडासारखी निघाली.

मॅट काळा? रंग बदलला की आरसीवर नोंद करावी लागते, ते जमेल. मॅटवर पडलेला ओरखडा घासून जात नाही, आणि सांगलीच्या उन्हात काळी फियाट म्हणजे तवा. पण मत विचारलंत म्हणून सांगतो, ठरवण्याआधी एक करा. ग्लोव्ह बॉक्स बाहेर काढा, आतली पट्टी कापडाने पुसा. दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागेही बघा. आप्पांनी नंतर कितीदाही रंग मारून घेतला असला तरी तिथे फवारा पोचलेला नसतो, कारखान्यातला रंग तसाच असतो. टॉर्च घेऊन आईंना शेडमध्ये बोलवा आणि तो त्यांना दाखवा. सहीचा कागद त्या दिवशी खिशात असू द्या, पण आधी काढू नका.